कुंडीतलं ‘काळं अळू’: एका चुकलेल्या लेबलाची गोष्ट

हे प्रकरण आमच्याच सोसायटीतलं आहे. त्या घरच्यांना विचारून लिहिते आहे. माणसांची ओळख लपावी म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत, झाडाबद्दलचे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे कुणाच्या घरी अनोळखी रोप आलं की त्याचा फोटो माझ्या फोनवर येतो. बहुतेकदा उत्तर चुकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. या वेळी बिघडलं असतं.

पार्श्वभूमी

पुण्यातलं चौथ्या मजल्यावरचं घर. नवरा-बायको, आठ वर्षांची मुलगी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुडाळकडून येऊन दिवाळीपर्यंत राहणाऱ्या आजी. फेब्रुवारीत सूनबाईंनी एका पुष्पप्रदर्शनातल्या स्टॉलवरून दहा इंची कुंडीतलं रोप आणलं. चार पानं, देठ काळपट जांभळे, पानं तुकतुकीत. मातीत आइस्क्रीमची काडी खोचलेली आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: ‘काळा अळू – एलिफंट इअर’.

घेताना खाण्याचा विचारही नव्हता. रोप हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीशी बसलं आणि झपाट्यानं वाढलं. दर रविवारी सूनबाई कापसाला खोबरेल तेल लावून पानं पुसायच्या, फोटोत चमकतात म्हणून. मे महिन्यात देठांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तेव्हा सोसायटीच्या माळ्यानं मातीत कीटकनाशकाचे दाणे टाकले. जुलैपर्यंत मोठं पान कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत पोचलं होतं.

तेलाचा बोळा आणि मातीतले दाणे लक्षात ठेवा. दोन्ही पुढे आडवे येणार आहेत.

पेच कुठे पडला

आषाढातला रविवार. बाहेर झड लागलेली. आजींनी कुंडीकडे पाहिलं, काडीवरची अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, घरात एवढं अळू असताना मंडईत कशाला जायचं? काळ्या देठाचं अळू वडीचं, हिरव्या देठाचं भाजीचं, हा हिशोब आपल्याकडे कुणालाही शिकवावा लागत नाही. इथे देठ काळे होते, पानं हातभर होती आणि लेबलही तेच सांगत होतं. हाताला तेल लावून त्यांनी तीन पानं कापली. चिंच भिजत पडली, बेसनात तांदळाचं पीठ पडलं.

सूनबाईंना मात्र कुठेतरी खुटखुटत होतं. त्यांनी आधी गूगल लेन्सला विचारलं. वरून काढलेल्या फोटोवर ‘टॅरो’, म्हणजे अळू, आलं. कोनातून काढलेल्या फोटोवर ‘अलोकेशिया’, म्हणजे अळूच्याच कुळातलं शोभेचं झाड, आणि त्याखाली तिसरंच एक नाव. मग साडेदहाच्या सुमारास मला मेसेज आला: “काकू, हे काळं अळूच ना? वड्या करतोय.”

माझं पहिलं उत्तर

मी पानाच्या मागचा फोटो मागितला. देठ पानाला नेमका कुठे जोडलाय ते दाखवा, असं सांगितलं. प्रश्न योग्य होता. अळूचा, म्हणजे कोलोकेशिया एस्क्युलेंटाचा, देठ पानाच्या खाचेत जुळत नाही. खाच सोडून दोन-तीन बोटं आत, पानाच्या पाठीला जुळतो, छत्रीची दांडी कापडाला जुळावी तसा. वरून पाहिलं तर त्या जागी बऱ्याचदा एक गडद ठिपका दिसतो. ब्राह्मी अळू नावाने काही जण लावतात ते झँथोसोमा घ्या, त्याचा देठ थेट खाचेच्या टोकाशी येतो. म्हणजे ही एक खूण पाहिली की निम्मं काम होतं, असा माझा समज.

फोटो आला. देठ पानाच्या आत, स्वच्छ दिसत होता. मी लिहिलं, “हो, अळूच दिसतंय.”

माझ्या हातून चूक झाली ती इथे. सूनबाईंनी हाताला येईल ते पान उलटं केलं होतं, आणि ते होतं बुंध्याशी फुटलेल्या लहान पिलाचं पान. अलोकेशियाच्या कित्येक जातींत कोवळ्या वयातली पानं अशीच छत्रीसारखी असतात. झाड मोठं होत जातं तसा देठाचा सांधा खाचेकडे सरकतो. मी कोन बरोबर मागितला, पण पान कोणतं ते विचारलं नाही. सुरण कुळातली झाडं वयाप्रमाणे पानांचं रूप बदलतात, हे मी वर्गात मॉन्स्टेरा आणि मनीप्लांटची उदाहरणं देऊन किती वेळा सांगितलं असेल. कुंडीत हातभर दिसणारा मनीप्लांट आंब्यावर चढला की त्याची पानं सुपाएवढी होतात आणि चिरफाळतात, तेव्हा लोक त्याला मॉन्स्टेरा समजतात. ते आठवूनही इथे लागू करायचं सुचलं नाही.

वीस मिनिटांत फोन वाजला. आजी स्वतः बोलत होत्या. “गो बाय, ह्या आपला अळू न्हय. पाणी बघ कसा पानार चिकटता.”

समोरचे पर्याय

मी जिना चढेपर्यंत स्वयंपाकघरात चार मतं तयार होती.

आजींचा मुलगा म्हणत होता की एक छोटा उंडा वाफवून चाखून पाहू. घसा खवखवला तर टाकून देऊ. हा पर्याय वाटतो तितका वेडगळ नाही, कारण खाजरं अळू आपल्याकडे असंच ओळखलं जातं आणि चिंच वाढवून निभावलं जातं. पण तो परवडणारा नव्हता. या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, अतिसूक्ष्म, दोन्हीकडे टोकदार, जुड्या बांधल्यासारख्या. पान चावलं की त्या जीभ, टाळू, घसा यांत रुततात. झोंबणं लगेच सुरू होतं, सूज मागून येते, आणि घशात सूज वाढली तर श्वासाशी गाठ असते. शिजवण्यानं आणि आंबटानं त्रास कमी होतो, नाहीसा होईलच असं नाही. पालघर-ठाण्याकडे शेवळाच्या, म्हणजे याच कुळातल्या रानभाजीच्या, भाजीत काकडं ही आंबट फळं घालतात ते याच भांडणावर शोधलेलं उत्तर आहे. पण ते शेवळापुरतं, पिढ्यान्‌पिढ्या पारखलेलं. अनोळखी पानाला किती चिंच पुरते हे कोण सांगणार? शिवाय घरात आठ वर्षांची मुलगी होती.

सूनबाईंचं म्हणणं होतं की लेबल आहे, ॲपही एकदा टॅरो म्हणालंय, आणि काकूंनीही हो म्हटलंय. तीन साक्षीदार. खरं तर साक्षीदार एकच होता. लेबल वाचून प्रश्न विचारला गेला, तोच प्रश्न मनात धरून मी फोटो पाहिला, आणि ॲपच्या तीन उत्तरांतलं लेबलाशी जुळणारं तेवढंच लक्षात ठेवलं गेलं.

आजींचं मत सरळ होतं: हे नको, मंडईतून जुडी आणा.

मला वाटत होतं की आधी झाडाची ओळख पक्की करावी. आज मागे वळून पाहताना आजी माझ्यापेक्षा शहाण्या होत्या असं वाटतं. ‘खायचं का?’ या प्रश्नाला ‘हे कोणतं झाड?’ या उत्तराची वाट पाहायची गरजच नव्हती. शंका आली तिथेच खाण्याचा विषय संपायला हवा होता; ओळख सावकाश झाली असती. मी मात्र दोन्ही गोष्टी एकात गुंतवल्या आणि गॅस बंद करायला सांगण्याआधी भिंग काढलं.

झाडाची तपासणी

पहिली साक्ष पाण्याची. ‘अळवावरचं पाणी’ हा वाक्प्रचार आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो, पण मुळात ते काटेकोर निरीक्षण आहे. अळूच्या पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे पाण्याचा थेंब पान भिजवू शकत नाही, पाऱ्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. आजी पानं धूत होत्या आणि पाणी पसरत होतं. त्यांना तेवढं पुरे झालं.

मला पुरलं नाही, कारण मध्येच सूनबाई म्हणाल्या, “पण मी पानांना तेल लावते ना, म्हणून तर नसेल?” प्रश्न बिनतोड होता. त्या उंचवट्यांमध्ये तेल भरलं तर खऱ्या अळूचंही पाणी घरंगळायचं थांबेल. म्हणजे पुसलेल्या पानांची साक्ष बाद. मग आम्ही गुरुवारी उलगडलेलं, अजून बोळा न लागलेलं नवं पान शोधलं आणि त्यावर चमच्यानं पाणी टाकलं. तिथेही पाण्याचा चपटा ओघळ झाला, पान ओलं झालं. आता आजींचं म्हणणं टिकलं. ही परीक्षा मात्र एकाच बाजूनं चालते. न पुसलेल्या पानावर पाणी पसरलं तर ते अळू नव्हे, हे म्हणता येतं. पाणी घरंगळलं म्हणून ते अळूच, असं म्हणता येत नाही. कमळाच्या पानावरही ते घरंगळतं.

दुसरी साक्ष पानाच्या ठेवणीची. अळूचं पान मान टाकतं, टोक जमिनीकडे. या झाडाची मोठी पानं टोक वर करून उभी होती, राजाच्या मागे धरलेल्या अबदागिरीसारखी. उजेडाकडे झुकल्यानं गोंधळ होऊ शकतो, म्हणून खिडकीच्या उलट बाजूची पानंही पाहिली. तीही वरच.

तिसरी साक्ष सांध्याची, या वेळी मोठ्या पानावर. पिलाच्या पानात देठ तीन बोटं आत होता. मोठ्या पानात तो जवळजवळ खाचेला भिडला होता, जेमतेम नखभर आत. अळूत असा सरकता सांधा दिसत नाही.

चौथी गोष्ट मातीजवळ होती. अळूचा कंद मातीत राहतो आणि पानं जमिनीतूनच आल्यासारखी दिसतात. इथे मातीच्या वर चार बोटं जाड बुंधा उभा राहिला होता, गळालेल्या देठांच्या वळ्यांसकट. अलोकेशिया असा बुंधा धरते. भिंगाखाली पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेतून फुटणाऱ्या शिरांच्या काखेत मेणचट ठिपकेही दिसले. अलोकेशियाच्या बऱ्याच जातींत ते असतात. एकट्या त्या खुणेवर मी पैज लावली नसती, पण बाकीच्यांच्या रांगेत ती शोभून दिसली.

आजींची स्वतःची एक खूण होती, जी माझ्या कुठल्याच यादीत नव्हती. वडीसाठी पानाच्या मागच्या शिरा लाटण्यानं चेपतात. त्या म्हणाल्या, अळूची शीर दबते, ही दोरखंडासारखी उभी राहिली आणि पान चामड्यासारखं वाजलं.

माझ्याकडे जुना मायक्रोस्कोप आहे. तो आणून सुया बघू का, असा मोह झाला. पण सुया अळूतही असतात आणि यातही. गंमत म्हणून ठीक, निर्णयाला उपयोग शून्य.

झाड अलोकेशिया ठरलं, इथपर्यंत मला खात्री आहे. पुढे कोणती जात, ते नाही ठरलं. मोठ्या पानातही नखभर आत राहिलेला सांधा अलोकेशिया ओडोराकडे बोट दाखवतो, काळे देठ बाजारातल्या एखाद्या संकरित वाणाकडे. आडनाव कळलं, नाव कळलं नाही. अलोकेशिया हे आडनावही कोलोकेशियातच फेरफार करून बनवलेलं. गोंधळ जुना आहे. 1753 साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं आपलं अळू आणि ज्याला काही ठिकाणी कासाळू म्हणतात ती अलोकेशिया, दोन्ही ‘अरम’ या एकाच घरात घातली होती. वेगळा संसार त्यांना पुढच्या शतकात मिळाला.

निष्पत्ती

बेसन लावलेली तिन्ही पानं ओल्या कचऱ्यात गेली. कुणी काही चाखलं नव्हतं. आजींच्या हाताला तेल होतं म्हणून त्या सुटल्या. पानं पुसून देणाऱ्या सूनबाईंच्या मनगटांना तासभर खाज सुटली, साबणानं आणि मग चिंचेच्या पाण्यानं ती गेली. दुपारी मंडईतली जुडी आली. आजींनी नळाखाली पहिलं पान धरलं, थेंब टुणकन उडाले, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता नातीला हाक मारली, “हे बघ, असं.”

कुंडी हॉलमधून बाल्कनीत गेली, मुलीचा हात सहज पोचणार नाही अशा उंचीवर. झाड टाकून द्यायचं का, यावर थोडी चर्चा झाली. मी नको म्हटलं. याच घरात डिफेनबाकिया, मनीप्लांट आणि पीस लिली सुखेनैव नांदत होत्या आणि तिघींतही त्याच सुया आहेत. फरक एवढाच की त्यांच्या वड्या करायचं कुणाच्या मनात येत नाही. झाडाइतकाच धोका त्या काडीवरच्या दोन शब्दांत होता.

स्टॉलवाल्याचा नंबर पिशवीवर होता. मी फोन केला. आधी तो वैतागला: “शोभेचं झाड आहे मॅडम, खायला कोण देतंय?” मग म्हणाला, माल ‘एलिफंट इअर ब्लॅक स्टेम’ म्हणून येतो, गिऱ्हाईक मराठीत विचारतं, म्हणून काळा अळू लिहिलं, एलिफंट इअर म्हणजे अळूच ना? त्याचं अगदीच चूक नव्हतं. इंग्रजी बाजारात हत्तीचा कान हे नाव अळूला लावतात, अलोकेशियाला लावतात, झँथोसोमाला आणि कॅलेडियमलाही लावतात. ते नाव कानाच्या आकाराचं आहे, झाडाचं नाही. त्यानं त्याचं भाषांतर करताना चार झाडांतलं एक निवडलं, आणि नेमकं तेच निवडलं जे आपण खातो. दुकानातली नावं अशीच जन्माला येतात. ‘अलोकेशिया अमेझॉनिका’ घ्या. हे कुटुंब आशिया-ऑस्ट्रेलियाकडचं, अमेझॉनच्या जंगलाशी त्याचा संबंध नाही, मायामीतल्या अमेझॉन नावाच्या नर्सरीवरून ते नाव पडलं.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर त्याच प्रदर्शनातून तीच काडी आणलेली आणखी दोन घरं निघाली. एकानं तर ‘गणपतीत वड्या करू’ म्हणून राखून ठेवलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मी प्रश्न नीट ऐकायला हवा होता. मेसेजमध्ये दोन वाक्यं होती आणि मी पहिल्याचंच उत्तर दिलं. “वड्या करतोय” हे दुसरं वाक्य वाचल्याबरोबर ‘थांबा, काही खाऊ नका, मी येते’ एवढंच लिहायला हवं होतं. फोटोवरून नाव सांगणं हा एक खेळ, आणि त्याच फोटोवरून ताटात काय जावं हे सांगणं दुसरा. कुंडीला पाणी किती घालायचं यासाठी ‘अलोकेशिया असावी’ हे उत्तर पुरतं. ताटासाठी ‘असावी’ चालत नाही.

दुसरं, मातीतले दाणे. हे मला संध्याकाळी घरी आल्यावर आठवलं आणि पोटात गोळा आला. समजा ते झाड खरोखरच अळू असतं आणि माझं पहिलं उत्तर अगदी बरोबर ठरलं असतं, तरीही ती पानं खायची नव्हती. शोभेच्या रोपांवर नर्सरीत काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं, आणि इथे तर घरीच मे महिन्यात औषध टाकलं होतं. अशी काही औषधं मुळांतून पानात चढतात. ओळख पटवण्याच्या नादात हा मुद्दा आमच्यापैकी एकानंही काढला नाही, आजींनीही नाही. या प्रकरणातली माझ्या लेखी सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती झाकली गेली ती केवळ झाड वेगळं निघालं म्हणून.

तिसरं, फोटो मागायची पद्धत. आता मी एका फोटोवर बोलत नाही. सर्वांत मोठ्या पानाची पाठ, सर्वांत लहान पानाची पाठ, बुंधा मातीसकट, आणि पूर्ण झाड बाजूनं, असे चार मागते. लेबलाचा फोटो सगळ्यात शेवटी पाठवा, म्हणून बजावते. तेल-बिल लावत असाल तर तेही सांगा.

चौथं, कुणी पान चावलंच असतं तर काय, याची तयारी आमच्यापैकी कुणाकडे नव्हती. तोंड पुसून, चूळ भरून, थंड दूध किंवा पाणी घोटघोट देणं आणि उलटी न करवणं एवढं मला ठाऊक होतं. आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना किंवा श्वासाला त्रास दिसला तर घरगुती उपाय सोडून थेट रुग्णालय. विषबाधेबद्दल चोवीस तास सल्ला देणारं केंद्र दिल्लीच्या एम्समध्ये आहे. त्याचा नंबर आता आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावलाय.

एक मुद्दा अजून माझ्या मनात पक्का होत नाही. आपण मुलांना ‘अलोकेशिया विषारी’ असं सरसकट सांगावं का? बंगालमध्ये मानकचू म्हणून याच कुटुंबातल्या एका जातीचा कंद लोक आवडीनं खातात. त्यांना वाण माहीत आहेत, रीत माहीत आहे. उलट जपानमध्ये अलोकेशिया ओडोराचं नावच ‘न खायचा अळकंद’ अशा अर्थाचं आहे, आणि तरी तिथे ती खाऊन त्रास झालेली माणसं निघतात. मी आजींच्या नातीला सध्या एवढंच सांगितलंय की हे आपल्या ओळखीचं नाही. तिनं विचारलं, मग कुणाच्या ओळखीचं आहे?

काडी आता बदलली आहे. एका बाजूला माझ्या अक्षरात ‘अलोकेशिया, जात ठरायची आहे’. दुसऱ्या बाजूला आजींनी नातीकडून लिहून घेतलंय: ‘पाणी चिकटतं’. फूल आलं आणि पुढे फळ धरलं तर जातीचा निकाल लागायला मदत होईल. पण कुंडीत ते कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आजींना त्याची घाई नाही.